आजोबांच्या डबीतली नाणी मेलबर्नला न्यावीत का?

प्रश्न थोडक्यात: पत्रलेखक मूळचे सातारा जिल्ह्यातले, वय ४७, बरीच वर्षं मेलबर्नमध्ये आहेत. अलीकडे त्यांना भारतातली जुनी नाणी जमवायचा छंद लागला आहे. गावच्या घरी देवघरात आजोबांची पितळी डबी आहे. तीत सात-आठ शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी), फारसी अक्षरांचे दोन रुपये, राणीछाप आणि पंचम जॉर्जचे मिळून वीसेक रुपये, भोकाचे पैसे आणि तळाशी मोडी लिपीतला घडी घातलेला कागद आहे. रुपयांपैकी दोघांना माळेत ओवायच्या कड्या डाखलेल्या आहेत. शिवराया महाराजांच्या काळातल्या, असं आजोबा सांगत. थोरले भाऊ आणि वहिनी गावीच राहतात. वहिनी दर दिवाळीला ही नाणी चिंचेनं घासून, हळदकुंकू वाहून लक्ष्मीपूजनात मांडतात. चिंचेनं नाणी खराब होतात, असं पत्रलेखकांचं म्हणणं आहे. वडील गेल्यावर धाकटी बहीण म्हणाली, विका आणि तीन वाटे करा. पत्रलेखकांना मात्र डबी मेलबर्नला न्यायची आहे. ‘ह्यांची किंमत कळणारा घरात मी एकटाच आहे,’ असं ते लिहितात. भावाच्या मोबाइलवर जुन्या नाण्यांना लाखो रुपये देऊ करणारा निरोपही आला आहे. पत्नीला हा छंद महागडा वाटतो. चौदा वर्षांची मुलगी म्हणाली, ‘यावर तर इंग्लंडचा राजा आहे, यात आपलं काय?’ डिसेंबरात ते गावी येणार आहेत. नाणी न्यावीत का आणि भावाला कसं समजवावं, असं ते विचारतात.

नमस्कार,

आधी कायद्याचं सांगते, कारण त्यानं तुमचा अर्धा प्रश्न इथेच सुटतो. १९७२ च्या पुरावस्तूंविषयीच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे शंभर वर्षांचं किंवा त्याहून जुनं नाणं ही पुरावस्तू ठरते आणि ती देशाबाहेर नेण्याची मुभा खासगी व्यक्तीला नाही. नाणं वडिलोपार्जित आहे, विकायचं नाही, नुसतं जपायचं आहे, यातलं काहीही तिथे कामी येत नाही. शिक्षा किमान सहा महिन्यांच्या कैदेची आहे, ती तीन वर्षांपर्यंत जाऊ शकते आणि दंड वेगळा. शिवराया, फारसी रुपये, राणीछाप रुपये, पंचम जॉर्जचे १९११ ते १९२२ मधले रुपये, म्हणजे तुमच्या डबीतला जवळजवळ सगळा ऐवज यात आला. ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखिताला तर पंचाहत्तरच वर्षं पुरतात, तेव्हा मोडीतला कागदही न्यायच्या वस्तूंत धरू नका. भोकाचे पैसे १९४३ ते १९४७ मधले, तेवढे सुटतात. ऑस्ट्रेलियाचाही १९८६ चा कायदा आहे. दुसऱ्या देशातून बेकायदा बाहेर काढलेली सांस्कृतिक ठेव तिथे आणता येत नाही. कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनातला चोळकालीन नटराज २०१४ मध्ये भारताला परत केला गेला, ते तुमच्या कानावर आलंच असेल.

तेव्हा डबी न्यायची नाही. पण ‘कायदा आडवा आला’ एवढंच मनात धरलंत, तर नाणी गावात अडकून पडली आहेत असं तुम्हाला वाटत राहील आणि पुढची प्रत्येक दिवाळी वहिनींविषयीच्या रागात जाईल. मला त्याची जास्त काळजी वाटते. म्हणून तुमचं ते वाक्य पुन्हा एकदा तपासून बघू या, ‘किंमत कळणारा मी एकटाच.’

इंग्रजी अमदानीतला चांदीचा रुपया वजनाला बरोबर एक तोळा भरायचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. घरात नड आली, दुष्काळ पडला, मुलीचं लग्न निघालं की असे रुपये सराफाकडे जायचे आणि मुशीत वितळून पैंजण नाहीतर वाट्या होऊन बाहेर पडायचे. गावोगावच्या किती घरांतून ते असे गेले असतील! तुमच्या घरचे राहिले, कारण ते देवघरात होते. देवाच्या डबीला हात लावायचा नाही, हे आधी तुमच्या आजीनं, मग आईनं आणि आता वहिनींनी पाळलं. तुम्हाला त्या नाण्यांवरचं साल वाचता येतं, वहिनींना वाचता येत नसेल. पण आज ते साल वाचायला नाणं शिल्लक आहे, ते त्यांच्यामुळे. भावाशी बोलायला बसाल तेव्हा सुरुवात इथून करा, आणि हे वहिनींसमोर, त्यांना ऐकू जाईल असं बोला.

चिंचेचं मात्र तुम्ही बरोबर ओळखलं आहे. तांब्याच्या नाण्यावर वर्षानुवर्षं जो काळसर-तपकिरी थर बसतो, तो नाण्याला राखतो. चिंचेतलं आम्ल तो थर खातं आणि घासताना अक्षरांचा उठावही उतरतो. नाणं दोन दिवस लखलखतं, मग पहिल्यापेक्षा लवकर काळवंडतं, की पुन्हा चिंच. लिंबू, राख, भांड्यांची पावडर, पंचामृतातलं दही, सगळ्यांचा परिणाम तोच. संग्राहक घासलेल्या नाण्याला कमी दाम देतात, ते याचसाठी. पण यावर पूजा बंद करणं हा उपाय नाही. वीस रुपयांतले अगदी नेहमीचे, झिजलेले दोन रुपये पूजेसाठी बाजूला काढा. हळदकुंकू त्यांना वाहायचं, बाकीची नाणी बंद डबीतच पाटावर ठेवायची. डबीचीही पूजा होतेच. हे तुम्ही ठरवून सांगण्यापेक्षा ते दोन रुपये वहिनींनाच निवडू द्या.

आता ज्याच्याबद्दल तुम्ही एक ओळ लिहून पुढे गेलात, तो मोडीतला कागद. सबंध पत्रात माझं लक्ष सगळ्यात जास्त तिथे अडकलं. तो सावकाराचा हिशेब असेल, लग्नातल्या आहेराची याद असेल, एखाद्या गहाणाची पावती असेल, किंवा नाण्यांशी काडीचा संबंध नसलेलंही काही निघेल. पण हे रुपये कुणाकडून, कधी, कशापोटी घरात आले, याचा एक जरी उल्लेख त्यात असला, तर ती डबी तुमच्या घराण्याचा दस्तऐवज ठरते. शिवराई बाजारात हवी तेवढी मिळते. ही शिवराई या घरात कशी आली, हे सांगणारा कागद विकत मिळत नाही.

१९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. क्षत्रप नहपानाची नाणी, आणि त्यातल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला. सातवाहनांनी नहपानाचं राज्य घेतल्याचा इतका बोलका पुरावा मिळाला, तो साठा एका जागी, एकत्र हाती आला म्हणून. तेच नाणं सुटं होऊन कुण्या दूरच्या दुकानात गेलं असतं, तर दोन ठशांचं एक चमत्कारिक नाणं यापलीकडे त्याला काही सांगता आलं नसतं. तुमची डबी लहान आहे, पण न्याय तोच. विकणं, वाटून घेणं आणि मेलबर्नला नेणं या तिन्ही वाटांनी संच फुटतो, म्हणून तिन्हींना माझा नकार आहे.

तो कागद जोर लावून उलगडू नका. घडीवर चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता फोटो काढा. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीच्या जाणकारांची वाट कळेल. शिवाय राज्याच्या पुराभिलेख खात्यातर्फे मोडीचे प्रशिक्षणवर्ग चालतात, त्यामुळे वाचणारी माणसं आता पूर्वीइतकी दुर्मीळ राहिलेली नाहीत.

मग नाण्यांची यादी. ही तुम्ही आणि दादांनी एका सतरंजीवर बसून करायची. प्रत्येक नाण्याला क्रमांक, दोन्ही बाजूंचे फोटो, वजन, व्यास, दिसतील तेवढी अक्षरं, आणि शेवटच्या रकान्यात घरात त्याच्याबद्दल जे सांगितलं जातं ते. हा रकाना दादांकडून भरून घ्या. आत्या किंवा चुलत आजी हयात असतील, तर त्यांच्याकडूनही. कड्या डाखलेले दोन रुपये कुणाच्या माळेतले होते, हे कदाचित त्यांनाच ठाऊक असेल.

यादी करताना काही समज ढळतील, त्याला तयार राहा. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ हा मजकूर १६७४ च्या राज्याभिषेकापासूनचा खरा, पण त्याच मजकुराच्या शिवराया पुढे पेशवाईभर आणि त्यानंतरही पाडल्या जात होत्या. घरोघरी सापडतात त्यातल्या बहुतेक या नंतरच्याच असतात. दोन आडव्या रेघांची दुदांडी शिवराई दिसली, तर ती उत्तरकाळातली समजा. बाजारात साध्या शिवराईची किंमत शेकड्यांतच असते. आजोबांचं म्हणणं खोटं पडलं असं यात मानू नका. महाराजांच्या मागे शंभर-दीडशे वर्षं या मुलखातली माणसं त्यांच्याच नावाच्या पैशानं मीठमिरची घेत होती. मला तरी हे, नाणं प्रत्यक्ष महाराजांच्या टांकसाळीतलं असण्याइतकंच मोठं वाटतं.

फारसी अक्षरांचे रुपये घरात ‘मोगलांचे’ म्हणून ओळखले जात असतील. ते पेशव्यांच्याच टांकसाळीतले असू शकतात, कारण मराठ्यांच्या टांकसाळींतला रुपयाही बादशहाच्या नावानं पडायचा. भिंगातून अंकुशाची खूण दिसते का बघा. पुण्याच्या अंकुशी रुपयावर ती असते. राणीछाप रुपयावर १८६२ हे साल असेल, तर तो त्याच साली पाडलेला असेल असंही नाही. पुढे १८७४ पर्यंत ठशावर तेच साल ठेवलेलं होतं आणि बारीक टिंबांवरून अभ्यासक वेगळी वर्षं लावतात. पंचम जॉर्जच्या रुपयावर १९११ आढळलं, तर राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती बघा. त्याची सोंड इतकी आखूड उतरली होती की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, ते रुपये मागे घेतले गेले आणि १९१२ पासून हत्ती नीट काढला. तुमच्याकडे १९११ चा असेल, तर तो दुर्मीळांत मोडेल. बाकीच्या बहुतेक सालांचे रुपये विपुल आहेत. त्यांना चांदीचा भाव आणि वर थोडंफार, एवढीच किंमत येते.

आणि इथेच तुमच्या बहिणीचा मुद्दा येतो. तिला ‘पैशाच्या मागे लागलेली’ असं तुम्ही थेट म्हटलेलं नाही, पण पत्रात तो सूर आहे. वडिलांच्या ठेवीत तिचा तुमच्याइतकाच हक्क आहे आणि तो मागण्यात गैर काही नाही. थोरला भाऊ डबी ठेवणार, मधला न्यायची म्हणणार आणि तिला कुणी काही विचारणारच नाही, असं दिसल्यावर ‘विका आणि वाटे करा’ हे एकच वाक्य तिच्या हाती उरतं. जाणकाराकडून किंमत काढून घ्या आणि तिला खरा आकडा सांगा. तो बहुधा तिच्या मनातल्यापेक्षा बराच कमी निघेल. कड्यांचे रुपये आजीच्या माळेतले ठरले, तर ते तिच्याकडे जावेत असं मला वाटतं, आणि संच फोडायला माझी एवढी एकच सूट आहे. बाकीची डबी दादांकडे ठेवायची, यादीवर तिघांच्या सह्या करायच्या, एकेक प्रत तिघांनी ठेवायची आणि तिघांच्या संमतीशिवाय एकही नाणं बाहेर जाणार नाही असं खाली लिहायचं. तिला पैशांची खरोखर नड असेल, तर तिच्या वाट्याची रक्कम तुम्ही द्या. विमानाच्या एका तिकिटाहून ती फार जास्त होईलसं वाटत नाही.

दादांना आलेल्या निरोपाबद्दल त्यांना आजच फोन करा, डिसेंबरची वाट बघू नका. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं द्या, दहा लाख घ्या, असल्या जाहिराती देशभर फिरतात. ते नाणं २०१२ मध्ये चलनासाठी काढलेलं आहे, त्याचे लाख कोण देणार? होतं असं, की आधी मोठा आकडा दाखवतात, मग नोंदणी, कमिशन, कर अशा नावांनी तुमच्याकडूनच पैसे उकळतात. रिझर्व्ह बँकेचं नाव आणि बोधचिन्हही वापरतात. आपण असा कोणताही व्यवहार करत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही, असं बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे. घेणाऱ्यांसाठीही एक इशारा देते. ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, १८१८ सारखं साल आणि वर राम-सीता किंवा हनुमान, अशी नाणी जत्रेत आणि ऑनलाइन सर्रास विकतात. कंपनीनं अशी नाणी कधीच काढली नाहीत. रुपयाची शंका असेल तर चुंबक लावा, वजन करा. चांदी चुंबकाला चिकटत नाही आणि ११.६६ ग्रॅमहून फार कमी किंवा जास्त भरलं, तर हात आखडता घ्या. आणि शेतात नांगरताना किंवा पाया खणताना नाणी सापडली असतील, तर तो मामला वेगळा. १८७८ च्या निखातनिधीच्या कायद्याप्रमाणे ती कलेक्टरांना कळवावी लागतात.

ठेवण्याबद्दल थोडक्यात सांगते. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटांतून कालांतरानं चिकट हिरवट द्रव सुटतो आणि तो नाण्याला धरतो. आम्लविरहित पुठ्ठ्याच्या चौकटी घ्या. डबीत सिलिका जेलची पुडी टाका आणि पावसाळ्यानंतर बदला. नाणं कडेला धरून उचलायचं. आजोबांची पितळी डबी मात्र टाकू नका, तीही यादीत घ्या.

तुमच्या मुलीचा प्रश्न मला फार आवडला. तिला ‘तुला आपल्या संस्कृतीची किंमत नाही’ असं काही बोलला नसाल अशी आशा करते. राजा इंग्लंडचा होता हे खरंच आहे, आणि त्याच काळातल्या ऑस्ट्रेलियाच्या नाण्यांवरही तोच राजा आहे. पुढचं बहुधा तिला ठाऊक नसेल. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ आणि १९४३ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या काही पेन्या मुंबईच्या टांकसाळीत पाडल्या गेल्या. एका बाजूला सहावा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला कांगारू आणि राजाच्या मानेखाली इंग्रजी ‘आय’ हे बारीक अक्षर. पहिल्या महायुद्धात असंच काम कोलकात्याच्या टांकसाळीनं केलं होतं. या पेन्या तुमच्याकडच्या नाण्यांच्या दुकानांत स्वस्तात मिळतात आणि त्या बाळगायला कुठलाच कायदा आड येत नाही. एखाद्या शनिवारी दोघं मिळून दुकानातल्या पेन्यांच्या ढिगात तो ‘आय’ शोधा. तिला मजा आली तर उत्तम. नाही आली तर तिला तिच्या वाटेनं जाऊ द्या. छंदाचा वारस असलाच पाहिजे असं नाही.

तुमचा स्वतःचा संग्रहही मी याच अंगानं वाढवेन. मुंबईत पाडलेल्या या पेन्या घ्या. १९५० च्या, घोड्याचा पैसा आणि नंदीचा आणा असलेल्या, प्रजासत्ताकाच्या पहिल्या नाणेमालेचा संच लावा. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, तिथून पुढचं सगळं कायद्यानं मोकळं आहे आणि स्वस्तही. भारतातून काही नेताना वस्तू जुनी दिसत असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी घ्या. या संग्रहाला महिन्याची एक मर्यादा घाला आणि तो आकडा तुमच्या पत्नीला ठरवू द्या. त्यांची तक्रार नाण्यांपेक्षा अंदाज न लागणाऱ्या खर्चाची असावी, असं पत्रावरून वाटतं.

डिसेंबरात येताना शंभरांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा आणि दहापट भिंग सोबत आणा. गावी पोचल्या पोचल्या मात्र डबी उघडायला मागू नका. आधी दोन-तीन दिवस नुसते घरी राहा. बहिणीलाही त्याच आठवड्यात बोलावून घ्या आणि तिघं घरात असाल तेव्हाच यादीला बसा.